आज्ञापत्र व छत्रपतिपदाची घडण

(१)

शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराविषयीं लिहिणारा लेखक कोठें ना कोठें आज्ञापत्राचा आधार घेतोच. दुर्गांचें महत्त्व, वतनदारांविषयींची सावधगिरी, टोपीकरांचा संशय, सावकारांचा परामर्ष, आरमाराची जोपासना, या सर्व बाबतींत आज्ञापत्रांतील मजकूर महाराजांचा स्वतःचा विचार म्हणून पुढें मांडला जातो. आरमारास लांकूड पाहिजे असलें तरी रयतेनें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं आंब्याफणसाचीं झाडें बळजबरीनें तोडूं नयेत, एखादें जीर्ण झाड घ्यावयाचें झालें तर मालकाच्या संतोषानें व किंमत देऊन घ्यावें, अशा आशयाचा जो उतारा शिवाजीमहाराजांची आज्ञा म्हणून सर्वत्र फिरतो, तो वस्तुतः आज्ञापत्राच्या आरमारविषयक प्रकरणांतील आहे. महाराज इ. स. १६८० मध्यें वारले. आज्ञापत्र इ. स. १७१५-१६ मधलें आहे. मध्यें पस्तीस वर्षें गेलीं, आणि तीं पस्तीस वर्षें साधीं नव्हतीं. एक छत्रपति शत्रूच्या हातीं मारला गेला, दुसऱ्यास परमुलखीं जाऊन राहावें लागलें, राजधानी गेली, आणि शेवटीं एका गादीच्या दोन गाद्या झाल्या. एवढ्या उलथापालथीनंतर लिहिलेल्या ग्रंथांतील शब्द मूळ पुरुषाच्या तोंडीं घालावयाचे, तर कांहीं परीक्षा केल्यावांचून घालणें योग्य नव्हे.

ती परीक्षा करण्याचा येथें विचार आहे. मात्र उतारे खरे कीं खोटे एवढ्यापुरती ती मर्यादित नाहीं. आमचा प्रश्न असा कीं, राज्य निर्माण करणारा पहिला पुरुष आपल्या मागून येणारांसाठीं पदाला जो आकार देतो त्यांतील किती भाग पदाला चिकटून राहतो, आणि किती त्या पुरुषाबरोबर नाहींसा होतो? छत्रपतिपदाच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर देण्यास आज्ञापत्र हें फार मोलाचें साधन आहे. तें ज्या रीतीनें आजवर वाचलें गेलें त्या रीतीनें मात्र हें उत्तर मिळत नाहीं.

(२)

प्रथम ग्रंथाचें बाह्य स्वरूप पाहूं. आज्ञापत्राचा मायना राजाज्ञेचा आहे. पन्हाळ्याच्या गादीवरील शंभुछत्रपति हे रामचंद्र नीलकंठ अमात्य हुकमतपनाह यांस आज्ञा करितात, असा त्याचा घाट. राज्याभिषेक शकाचें बेचाळिसावें वर्ष त्यावर आहे. हे शंभुछत्रपति म्हणजे राजाराममहाराजांचे राजसबाईपासून झालेले पुत्र. त्यांचा जन्म इ. स. १६९८ मधला; म्हणजे आज्ञापत्राच्या वेळीं त्यांचें वय सतराच्या आसपास होतें. इ. स. १७१४ मध्यें पन्हाळ्यावर घडलेल्या पालटांत ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांस कैदेंत टाकून त्यांस गादीवर बसविण्यांत आलें, त्यास फार दिवस झालेले नव्हते. राज्यनीतीचा हा विस्तृत उपदेश त्या सतरा वर्षांच्या राजाचा नव्हे, ज्याच्या नांवें आज्ञा काढली त्या अमात्यांचाच आहे, असें सामान्यतः मानलें जातें व तें बरोबर आहे. मजकुराची प्रौढी आणि अनुभव हींच त्याची साक्ष देतात.

रामचंद्रपंतांचा अधिकारहि तसाच मोठा. त्यांचे वडील नीळो सोनदेव हे महाराजांचे मुजुमदार. राज्याभिषेकाच्या वेळीं अमात्यपद नीळोपंतांच्या पुत्रांकडे होतें. संभाजीमहाराजांची कारकीर्द पंतांनीं जवळून पाहिली. राजाराममहाराज जिंजीकडे गेल्यावर महाराष्ट्रांतील सर्व कारभार हुकमतपनाह या नात्यानें त्यांच्याकडे आला, आणि शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्या साहाय्यानें त्यांनीं औरंगजेबाच्या तोंडावर राज्य तगविलें. पुढें ताराबाईंच्या पक्षास ते राहिले, आणि १७१४ च्या पालटानंतरहि कारभारांत होते. पांच छत्रपति पाहिलेला असा दुसरा लेखक मराठ्यांच्या इतिहासांत मिळणें कठीण. महाराजांच्या काळाचे ते प्रत्यक्ष साक्षीदार होते यांत वाद नाहीं.

परंतु साक्षीदार जितका जवळचा तितका तो पक्षकारहि असतो. आज्ञापत्रांत बोलणारा राजा आहे, ऐकणारा अमात्य आहे, आणि लिहिणाराहि अमात्यच आहे. म्हणजे ज्यानें आज्ञा पाळावयाची तोच ती आज्ञा तयार करितो, आणि राजाच्या तोंडानें राजालाच शिकवितो. हा केवळ लेखनाचा चमत्कार नव्हे. छत्रपतिपद १७१५ पर्यंत कोणत्या अवस्थेस आलें होतें त्याचा हा लेखी पुरावा आहे. या मुद्द्याकडे पुढें पुन्हा यावें लागेल.

(३)

महाराजांनीं पदाला दिलेल्या आकारापैकीं काय टिकलें तें प्रथम पाहूं. या बाबतींत कागद संग्रह करणारांच्या नित्य परिचयाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ पूर्वींचीं महाराजांचीं पत्रें घ्यावीं. त्यांत शुहूर सन असतो, मायना फारशी वळणाचा असतो, आणि धनी कोणत्या तरी पातशाहीच्या मुलखांतला जहागीरदार असावा तशी भाषा असते. अभिषेकानंतरचें राजपत्र घ्यावें. स्वस्तिश्रीनें आरंभ, राज्याभिषेक शक, संवत्सराचें नांव, मास, पक्ष, तिथि, वार, आणि मग क्षत्रियकुलावतंस या बिरुदासह राजाचें नांव. जुनें वळण एकदम गेलें नाहीं, कांहीं कागदांत तें नंतरहि दिसतें. पण राजपत्राचा नवा नमुना ठरून गेला.

या नमुन्यांतील शकाची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मोगल पातशाहींत जुलूस सन हा त्या त्या पातशहाचा असे. नवा पातशहा तख्तावर आला कीं सन पुन्हा एकपासून सुरू होई. मराठ्यांच्या राज्यांत तसें झालें नाहीं. संभाजीमहाराजांस इ. स. १६८१ च्या आरंभीं अभिषेक झाला, पण त्यांनीं आपला निराळा शक काढला नाहीं. वडिलांच्या अभिषेकापासूनची गणनाच चालू राहिली. राजाराममहाराजांनीं जिंजीस तीच चालविली. शाहूमहाराजांनीं सातारा येथें १७०८ मध्यें अभिषेक करविला व तीच गणना धरली. पन्हाळ्याचें आज्ञापत्रहि बेचाळिसाव्याच वर्षांचें आहे. ज्या दोन गाद्या परस्परांचें राजेपण मान्य करावयास तयार नव्हत्या, त्या एकाच शकानें आपले कागद मांडीत होत्या. भांडण होतें तें आसनावर कोणीं बसावें यासंबंधीं. आसन कोणतें याविषयीं मुळींच नव्हतें.

आमच्या मतें पहिल्या छत्रपतींच्या घडणीचा हा सर्वांत यशस्वी भाग होय. शक त्यांच्या देहाचा नव्हता, पदाचा होता. म्हणून तो देहाबरोबर संपला नाहीं. अभिषेकाचा विधि, छत्र, बिरुद, प्रत्येक राजाची स्वतंत्र संस्कृत मुद्रा, या सर्वांस हाच न्याय लागू पडतो. गागाभट्टांनीं केलेल्या वैदिक अभिषेकानंतर त्याच वर्षीं सप्टेंबरांत निश्चलपुरी गोसावी यांच्याकडून तांत्रिक पद्धतीनें दुसरा अभिषेक झाला, ही गोष्ट महाराजांनीं पदाला सर्व बाजूंनीं मान्यता मिळविण्याची किती खबरदारी घेतली तें दाखविते. ती खबरदारी वांयां गेली नाहीं. पेशव्यांचें सामर्थ्य शिगेस पोंचलें तेव्हांहि त्यांच्या शिक्क्यांत अगोदर छत्रपतींचें नांव येई व शेवटीं मुख्य प्रधान हा शब्द येई. १७७४ मध्यें पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांस अवघ्या कांहीं दिवसांचे असतां पेशवाई मिळाली, तीसुद्धां साताऱ्याहून वस्त्रें आल्यावर. ज्या छत्रपतींच्या हातीं त्या वेळीं फारशी सत्ता उरलेली नव्हती त्यांच्या वस्त्रांवांचून सत्ताधाऱ्यांचें चालत नव्हतें.

(४)

आतां न टिकलेल्या भागाकडे वळूं. अष्टप्रधानांचा कानुजाबता राज्याभिषेक शक १ चा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत प्रत्येक प्रधानाचें काम वांटून दिलें आहे. पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, वाकनिसास मंत्री, डबिरास सुमंत, सरनोबतास सेनापति, अशीं संस्कृत नांवें मिळालीं. पंडितराव व न्यायाधीश मिळून आठ झाले. त्या दोघांखेरीज बाकीच्यांनीं प्रसंगीं मोहिमेवरहि जावें अशी अपेक्षा होती. राज्यव्यवहारकोश याच धोरणांतून झाला. नांवें टिकलीं, हें खरें. पण तींहि सर्वस्वीं नव्हे. मुख्य प्रधान हा शब्द शिक्क्यांत राहिला, आणि लोकांच्या तोंडीं, अखेर राज्याच्या इतिहासाच्या तोंडींहि, जुना पेशवा हा शब्दच पुन्हा बसला.

नांवांमागील व्यवस्थेचें काय झालें? नेमणूक रोख असावी, मुलूख तोडून देऊं नये, वतनदारांचे हक्क ठरवून द्यावे, त्यांचे वाडेहुडे पाडावे, किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे एकमेकांवर नजर ठेवणारे अंमलदार असावे, या गोष्टी सभासदानें सांगितल्या आहेत. सभासदाची बखर जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास झाली. म्हणजे तीहि मागाहूनचीच, परंतु या मुद्द्यांवर तिची व आज्ञापत्राची साक्ष जुळते. वतनदार हे वस्तुतः राज्यांतील लहान लहान राजेच, त्यांस बळ वाढवूं देऊं नये पण दुखवूंहि नये, असें आज्ञापत्र सांगतें. दुर्गावरील अंमलदार पिढीजाद होऊं देऊं नये, असेंहि तें बजावतें.

येथें वाचकानें थांबून विचार करावा. हा कडक उपदेश करणारा हात कोणाचा? जिंजीच्या दिवसांत महाराष्ट्राचा सर्व कारभार ज्यानें चालविला, त्याचाच. त्या दिवसांत राजाराममहाराजांकडून व त्यांच्या कारभाऱ्यांकडून वतनें, इनामें व मुलुखाच्या नेमणुका सढळ हातानें दिल्या गेल्या. औरंगजेब मराठे सरदारांस वतनांचें आमिष दाखवून फोडीत होता. खजिन्यांत रोकड नव्हती. मुलूख शत्रूच्या हातांत होता. अशा वेळीं मुलूख सोडवून खा, असें सांगण्यापलीकडे दुसरा उपाय नव्हता. रामचंद्रपंतांस दोष देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. त्यांनीं केलें नसतें तर राज्यच राहिलें नसतें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, आज्ञापत्रांतील वतनविषयक प्रकरण हें पहिल्या छत्रपतींच्या नियमाचें शांतपणें केलेलें वर्णन नव्हे. नियम आपल्याच हातून मोडलेला ज्यानें पाहिला, आणि त्याचे परिणाम वीस वर्षें भोगले, त्याचा तो अनुभव आहे. शिवकालीन नियम म्हणून त्याचें मोल दुय्यम, १७१५ च्या स्थितीचा दाखला म्हणून तें अव्वल दर्जाचें.

आणखीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पदें वंशपरंपरेची नसावीं हा महाराजांचा नियम पुढें मोडला गेला, असें बहुधा लिहिलें जातें. पण महाराजांच्याच वेळीं मुजुमदाराच्या पुत्रांकडे अमात्यपद आलेलें आहे. मोरोपंत पिंगळ्यांच्या मागें त्यांचे पुत्र नीळकंठ मोरेश्वर संभाजीमहाराजांचे पेशवे झाले. पुढें त्याच घराण्यांतील बहिरोपंत शाहूमहाराजांच्या पेशवेपदावर होते, व कान्होजी आंग्र्यांनीं त्यांस पकडल्यावर १७१३ मध्यें तें पद बाळाजी विश्वनाथांकडे गेलें. तेव्हां वंशपरंपरेचें बीज मूळ पुरुषाच्या हयातींतच होतें. तें वाढूं न देण्याचें सामर्थ्य नियमांत नव्हतें. पुत्राची पारख करून नेमणारा व न पटल्यास दूर करणारा धनी गादीवर होता, त्याच्या ठिकाणीं तें होतें. तो धनी गेला आणि नियमास हात उरले नाहींत. रोख नेमणुकीचें व किल्ल्यांवरील परस्पर देखरेखीचें हेंच झालें. तीन अंमलदार एकमेकांवर नजर ठेवतात ती केव्हां उपयोगी? तिघांच्याहि तक्रारी ऐकून निवाडा करणारा चौथा वर जागा असेल तेव्हांच.

(५)

पहिल्या छत्रपतींनीं जें मुळींच बांधून दिलें नाहीं अशी एक मोठी बाब राहते; ती वारसाची. राज्याभिषेकसमयीं संभाजीमहाराज युवराज होते, तेव्हां प्रश्न सुटला असें वाटावें. पण १६७८ च्या अखेरीस युवराज दिलेरखानाकडे गेले, वर्षानें परत आले, आणि चैत्र शुद्ध १५, शके १६०२ रोजीं महाराज वारले तेव्हां ते पन्हाळ्यावर होते. रायगडावर अण्णाजी दत्तो वगैरे प्रधानांनीं सोयराबाईंच्या पक्षानें दहा वर्षांच्या राजारामांस गादीवर बसविलें. हंबीरराव मोहिते संभाजीमहाराजांस मिळाले व तो बेत उलटला.

या प्रकरणाकडे घरांतील कलह म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. पदाच्या इतिहासाच्या दृष्टीनें तें फार मोठें आहे. छत्रपति कोण हें प्रधानांनीं ठरवावें कीं सेनापतीनें, कीं वडीलपणानें तें आपोआप ठरावें, याचा निकाल पहिल्याच वारसाच्या वेळीं तरवारीनें लागला. सभासद सांगतो कीं, तुंगभद्रेच्या अलीकडील व पलीकडील अशीं दोन राज्यें दोघां पुत्रांस वांटून देण्याचा महाराजांचा विचार होता. पण सभासद लिहीत होता राजाराममहाराजांसाठीं, आणि तेंहि जिंजीस, म्हणजे तुंगभद्रेपलीकडे बसून. धाकट्या पुत्राचा राज्यावरील हक्क ज्या कथेनें दृढ होतो ती कथा धाकट्याच्या दरबारांत लिहिली गेली, हें विसरून चालणार नाहीं. उलट बाजू संभाजीमहाराजांनीं त्याच वर्षीं बाकरे घराण्यास दिलेल्या संस्कृत दानपत्रांत आहे, तेंहि पक्षकाराचेंच. तिसरा, दोन्ही पक्षांस मान्य होईल असा, मूळ पुरुषाच्या हातचा निर्णय असता तर या दोहोंची गरजच पडली नसती.

या प्रसंगाचा ठसा आज्ञापत्रावर उमटलेला दिसतो. राजानें आपल्या अंगें कारभार पाहावा, स्तुतिपाठकांस जवळ करूं नये, जुन्या सेवकांचा मान राखावा, प्रधान परीक्षा करून नेमावा व नेमल्यावर त्याच्यावर विश्वास टाकावा, असा उपदेश तेथें आहे. संभाजीमहाराजांनीं अण्णाजी दत्तोंस ठार मारविलें आणि अष्टप्रधानांबाहेरील छंदोगामात्य हें पद कवि कलशास दिलें, हें ज्यानें पाहिलें त्याच्या लेखणींतून असा उपदेश उतरणें स्वाभाविक होय. त्यापुढें जाऊन आज्ञापत्र प्रधानास राजाच्या स्वैरपणाचा आवर मानतें. ही कल्पना पहिल्या छत्रपतींच्या कारभारांत आम्हांस दिसत नाहीं. कानुजाबत्यांतील प्रधान आज्ञेचा धनी नाहीं, आज्ञेचा चाकर आहे. त्याचें काम ठरलेलें, त्याचा शिक्का ठरलेला. राजास आवरण्याचा अधिकार त्यास कोणी दिलेला नाहीं. सेवकाचा नियंता कसा झाला हा मधल्या पस्तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि आज्ञापत्र त्या इतिहासाचें फळ आहे.

(६)

तें कसें घडलें याचा शोध पदांच्या यादींतच सांपडतो. जिंजीस प्रतिनिधि हें पद निर्माण झालें व प्रल्हाद निराजींस मिळालें. तें अष्टप्रधानांहून वरचें. महाराष्ट्रांत हुकमतपनाह झाले. हीं दोन्हीं पदें मूळच्या आठांत नाहींत, आणि दोहोंचें कारण एकच: राजा जेथें पाहिजे तेथें नाहीं. पहिल्या छत्रपतींनीं जी व्यवस्था बांधली ती रायगडावर बसून सर्वत्र पाहणाऱ्या, पाहण्यास समर्थ असलेल्या, राजासाठीं बांधली. राजा कैद झाला, लांब गेला, अज्ञान असला, तर त्याच्या नांवें कोणीं बोलावें हा प्रश्न त्या व्यवस्थेंत उद्भवतच नव्हता. १६८९ मध्यें तो एकाच वर्षांत तिन्ही रूपांनीं उद्भवला. संभाजीमहाराज मारले गेले, राजाराममहाराज दूर गेले, आणि रायगड पडून येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हातीं लागले. त्यानंतर राजाच्या नांवें बोलणाऱ्याचें पद हेंच राज्यांतील खरें पद होऊन बसलें. तें जिंजीस प्रतिनिधीकडे होतें, महाराष्ट्रांत अमात्यांकडे होतें, पुढें साताऱ्यास पेशव्यांकडे गेलें. १७२० मध्यें पित्यामागें पुत्रास पेशवाई मिळाली आणि १७५० मध्यें सांगोल्यास रामराजांकडून राज्यकारभाराचा अधिकार पेशव्यांकडे आला, तो याच वाटेचा शेवट.

म्हणून आम्ही वर म्हटलें कीं, आज्ञापत्राचा मायना हाच त्याचा सर्वांत बोलका भाग आहे. राजानें सर्व आपल्या डोळ्यांनीं पाहावें असें सांगणारें पत्र राजानें लिहिलेलेंच नाहीं. अमात्यांस त्यांत कपट दिसलें नसेल. उलट बाल राजास मूळ पुरुषाच्या वाटेवर आणण्याचा तो प्रामाणिक यत्न होता असें आम्हीं समजतों. परंतु ज्या हातानें पहिल्या छत्रपतींचें चित्र काढलें त्याच हातानें छत्रपतीची लेखणीहि धरलेली होती. पेशव्यांनीं छत्रपतिपद गिळलें असें म्हणणारे लेखक कोंकणस्थांच्या महत्त्वाकांक्षेवर किंवा शाहूमहाराजांच्या सौम्यपणावर सर्व दोष लोटतात. बाळाजी विश्वनाथांस पेशवाई मिळण्यापूर्वींच तें पद पन्हाळ्यास व साताऱ्यास दुसऱ्याच्या वाचेनें बोलूं लागलें होतें, हें आज्ञापत्रावरून त्यांच्या ध्यानांत यावयास हवें होतें.

(७)

पूर्वींच्या टीकाकारांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. मल्हार रामराव चिटणिसांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं महाराजांचें चरित्र व राजनीति लिहिली, तेव्हां साताऱ्याची गादी नाममात्र उरली होती. त्यांनीं रेखाटलेली नीटनेटकी शिवकालीन व्यवस्था ही बव्हंशीं त्या उणिवेची भरपाई आहे; तिला समकालीन कागदांची जोड मिळेल तेथेंच ती घ्यावी. न्यायमूर्ति रानड्यांनीं १९०० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अष्टप्रधानांची तुलना तत्कालीन हिंदुस्थान सरकारच्या कार्यकारी मंडळाशीं केली आणि ती व्यवस्था सोडल्यामुळें मराठी राज्य खालावलें असा निष्कर्ष काढला. रानड्यांची दृष्टि व्यापक होती, व व्यक्तीपेक्षां संस्थेकडे पाहावयास महाराष्ट्रास त्यांनींच शिकविलें. हें ऋण मोठें आहे. तथापि जी संस्था सोडली गेली असें ते म्हणतात ती संस्था म्हणून उभी होती काय, हा प्रश्न राहतोच. मंडळास स्वतःचें अस्तित्व असतें. धनी नसला तरी तें ठरलेल्या रीतीनें निर्णय घेतें. अष्टप्रधानांनीं धन्याच्या पश्चात् एकच मोठा निर्णय घेतला, तो १६८० चा, आणि तो तीन महिनेहि टिकला नाहीं. त्यानंतर आठांची सभा म्हणून राज्याचा गाडा त्यांनीं कधीं चालविला नाहीं. डॉ. सुरेंद्रनाथ सेनांनीं १९२३ मध्यें मराठ्यांच्या कारभाराची छाननी केली ती या बाबतींत अधिक सावध आहे. प्रधान हे राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेले सेवक होते ही गोष्ट त्यांनीं नजरेआड केली नाहीं.

(८)

सारांश, पहिल्या छत्रपतींनीं जें स्वतःच्या देहापासून वेगळें करून पदाच्या स्वाधीन केलें, तें दीडशें वर्षें टिकलें: अभिषेक, शक, बिरुद, मुद्रा, पदांचीं नांवें, आणि आपल्या राज्यास आपला राजा आहे ही सर्व पक्षांस मान्य असलेली भावना. जें त्यांनीं स्वतःच्या नजरेवर, पारखीवर व धाकावर चालविलें, तें त्यांच्यामागें फार काळ चाललें नाहीं. आणि जें त्यांनीं ठरवून दिलें नाहीं, म्हणजे वारस कोणीं निवडावा व राजा नसतां कोणीं बोलावें, त्याच जागीं पुढील सर्व भांडणें झालीं. यांत महाराजांस उणेपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं. अभिषेकानंतर त्यांस सहा वर्षेंहि पुरतीं मिळालीं नाहींत, आणि त्यांतील मोठा काळ कर्नाटकच्या स्वारींत गेला. परंतु थोर पुरुषाच्या गौरवासाठीं त्यानें न केलेली व्यवस्था त्याच्या नांवावर लिहिणें हा गौरव नव्हे. त्यानें जें खरोखर केलें त्याचें मोल त्यामुळें झांकून जातें. रयतेच्या झाडांविषयींचा कळवळा रामचंद्रपंतांच्या लेखणींतून उतरला, असें म्हटल्यानें तो कमी दर्जाचा ठरत नाहीं. उलट १६८० नंतरच्या धामधुमींतहि महाराजांच्या हाताखालीं तयार झालेला एक कारभारी तो विसरला नव्हता, हें त्यावरून सिद्ध होतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शिवछत्रपतींचीं जीं पत्रें आज आपणांस उपलब्ध आहेत तीं बहुतेक देशमुख, देशपांडे, जोशी, मठ व देवस्थानें यांच्या दफ्तरांतून आलेलीं आहेत. ज्या वतनदारांस महाराजांनीं आवरलें त्यांच्याच घरीं त्यांचे कागद राहिले. राजधानींतील दफ्तर आपणांपर्यंत आलें नाहीं. त्यामुळें पदाच्या घडणीविषयींचा पुरावा वतनाच्या कज्जांतील कागदांतून वेंचून काढावा लागतो. मूळ पुरुषाच्या नांवाचा कागद मिळाला कीं तो जपला जातो. १६८० ते १७२० मधील कागद मात्र सामान्य म्हणून बाजूस पडतात. वस्तुतः या चाळीस वर्षांचेच कागद आम्हांस आतां अधिक हवे आहेत. ते मिळतील तेव्हां नुसता मजकूर उतरून घेऊं नये. शक कोणता घातला आहे, राज्याभिषेकाचा कीं शुहूर. शिक्का कोणाचा व कोठें उमटविला आहे. राजाच्या नांवापाठोपाठ कोणत्या प्रधानाचें नांव येतें. शेवटीं मर्यादेची मुद्रा आहे कीं नाहीं. अस्सल आहे कीं नक्कल. हें सर्व टिपून ठेवावें. छत्रपतींच्या नांवें कोणत्या वर्षापासून कोण बोलूं लागलें याचें उत्तर या बारीक खुणांतच आहे. तें हातीं येईपर्यंत आज्ञापत्रास शिवकालाची सनद समजूं नये. त्याच्या अंगावर जें बेचाळिसावें वर्ष लिहिलें आहे, त्या वर्षाचाच कागद म्हणून तें वाचावें.